रंजिताची हजेरी

मी तुमच्या कॉलेजचं पोर्टल बोलतोय. माझ्यावर विश्वास ठेवू नका. मीही कुणावर ठेवत नाही, मला घडवणाऱ्यांनी तशीच सवय लावलीय. कोण आलं, किती वेळ बसलं, कधी गेलं, एवढंच बघायला शिकलो. कुणाला काय कळलं, ते बघायला कुणी शिकवलंच नाही.

नंदुरबार जिल्ह्यातल्या या कॉलेजात मला आणलं तेव्हा नारळ फुटला. म्हातारे चेअरमन पडद्याला कुंकू लावून म्हणाले, "आता शिक्षण घरोघरी." घरोघरी नेट आहे का, हे एकानंही विचारलं नाही. विचारलं असतं तर जेवणाला उशीर झाला असता.

निम्मे तास माझ्यावर आले. दुसऱ्या वर्षाची रंजिता तापीकाठच्या प्रकाशा या तीर्थाजवळच्या गावातली. तिथे नेट धरतं ते तापीच्या पुलावर. गावातली पोरं-पोरी संध्याकाळी पुलावर जाऊन व्हिडिओ उतरवून घेतात आणि घरी ओट्यावर बसून बघतात. रंजिता तर एकेक धडा दोन-तीनदा बघायची, शेंगा सोलणाऱ्या आईला समजावून सांगायची. मला दिसायचं एवढंच, की पाच मिनिटं आली आणि गेली.

मग माझ्यात नवी अक्कल घातली. शिक्षण कोण सोडणार, हे आधीच ओळखायची. पुलावरच्या सगळ्यांना मी लाल खूण दिली. तिचा वर्ग सांभाळणाऱ्या चुनीलाल सरांनी पोरांच्या घरी फोन केला नाही. पोरींच्या केला.

रंजिताचे वडील बन्सीलाल तिला घेऊन कॉलेजात आले.

"काका, अभ्यासाला पाच मिनिटं," सर म्हणाले. "मग फोन घेऊन रोज पुलावर कशाला जाते, ते तुम्हीच विचारा."

"आबा, व्हिडिओ उताराले जास," रंजिता म्हणाली. "आपला घरमा नेट धरस का?"

"मशीन सांगी ऱ्हायनं ते खोटं, आनि तू खरी?"

"मंग माले इचारा ना. पुस्तकमातलं काहीबी इचारा."

बन्सीलालनं सरांकडे पाहिलं. वर्गात सगळ्यात चांगला पेपर तिचाच, आणि तो सरांनीच तपासलेला. सर फोनमध्ये बोट फिरवत बसले. बन्सीलालनं त्याच दिवशी तिचा दाखला काढला आणि फोनही काढून घेतला.

चेअरमन खूश. "बघा, मशीननं आधीच सांगितलं होतं." सांगितलं नव्हतं हो. तुम्ही घडवलंत, मी निमित्त.

पुढच्या महिन्यात तपासणी समिती येणार होती. सगळ्यांचा पासवर्ड एकच, कॉलेजनंच दिलेला. सर आणि कारकून चहा पीत एकेकाच्या नावानं माझ्यात शिरून व्हिडिओ लावत बसले. तुकडी लहान दिसू नये म्हणून गेलेल्यांची नावंही ठेवली. आता रंजिता रोज तासभर माझ्यावर हजर असते. लाल जाऊन हिरवी खूण आलीय.

उद्या सगळं शिक्षण माझ्यावरच होणार म्हणतात. होईल. समितीही माझ्याकडेच बघून मान डोलावेल.

रंजिता, कुणाचा तरी फोन माग आणि तुझा पासवर्ड बदलून टाक. तुझं शिक्षण यांनी घेतलं. निदान तुझी गैरहजेरी तरी यांना देऊ नकोस.