पाणी दाखवलेलं कापड

आमच्या दुकानात कापडाला आधी पाणी दाखवल्याशिवाय सुई लागत नाही. हा नियम माझा आहे आणि त्यावरून मला बरंच ऐकून घ्यावं लागतं. माझी नणंद माझ्यासोबतच गोधड्या शिवते. ती गिऱ्हाइकांना सांगते, वहिनीचं चाललं तर ती पाहुण्यांनाही आधी भिजवून वाळवेल आणि मगच घरात घेईल. गिऱ्हाइकं हसतात. मी हसत नाही, कारण निस्तरावं मला लागतं.

गोधडीत जुने कपडे येतात, वर्षानुवर्षं धुतलेले. त्यांचं काय आटायचं ते आटून झालेलं असतं. त्यांच्या शेजारी कोरं कापड लावलं की पहिल्या धुण्यापर्यंत सगळं गोड दिसतं. मग ते कोरं कापड आटतं आणि शेजारच्या चार तुकड्यांना स्वतःकडे ओढून घेतं. कापसाच्या गुठळ्या होतात, टाके ताणले जातात आणि सगळी गोधडी रडक्या तोंडासारखी आकसून बसते. एकदा तसं झालं की उसवण्याशिवाय इलाज नाही. म्हणून अस्तर असो की चिंधी, सगळं आधी गरम पाण्यात, मग दोरीवर, मग इस्त्रीखाली.

टेलरमास्तरांची मुलगी आली ती दुपारची वेळ होती. ती आमच्या भागात टपाल वाटते. खांद्यावरची भली मोठी थैली तिने दाराशी ठेवली, पण काखेतली पुठ्ठ्याची नळी खाली ठेवली नाही. सोबत पिशवीत मास्तरांचे जुने शर्ट होते. मास्तर जाऊन दोन-तीन महिने झाले असतील. कोपऱ्यावरचं त्यांचं दुकान बंदच होतं आणि तिथून जाताना मी अजून मान दुसरीकडे वळवत होते.

शर्ट बघून मला बरं वाटलं. मऊ, विरलेले, गोधडीसाठी जन्मलेले. मग तिने नळीवरचं कापड टेबलावर अलगद उलगडलं. फिकट निळं सुती कापड, आणि त्यावर पांढऱ्या खडूने आखलेला आख्खा शर्ट. पुढचे दोन भाग, पाठ, बाह्या, कॉलर. रेघा इतक्या स्वच्छ की आत्ताच कोणी खडू खाली ठेवून चहाला गेलं असावं.

हे तिच्यासाठी होतं, असं ती म्हणाली. वडिलांनी सगळ्या गावाचे कपडे शिवले, पण ती टपालखात्यात लागल्यापासून तिला एक रुमालसुद्धा शिवून दिला नाही. तिने कात्री हातात घ्यावी, दुकान सांभाळावं, अशी त्यांची इच्छा होती. ती नोकरीला लागली तेव्हा ते एवढंच म्हणाले, तुला आता खात्याचे कपडे आहेत. रोज टपाल वाटताना ती त्यांच्या खिडकीवरून जायची, पण त्यांनी मशीनवरून मान वर केलेली तिला कधी दिसली नाही. आणि दवाखान्यात न्यायच्या वेळी, जिना उतरता उतरता, ते म्हणाले, टेबलावर निळं आहे ते तुझं.

"त्यांनी माझ्यासाठी ओढलेल्या एवढ्याच रेघा आहेत, काकू," ती म्हणाली. "त्या तशाच राहायला हव्यात. गोधडीच्या मधोमध."

मी कापडाला हात लावला. कडक, करकरीत. खळ जशीच्या तशी. कोरं आहे, मी म्हणाले, धुवावं लागेल. धुतलं तर खडू जाईल, ती म्हणाली. न धुता लावलं तर गोधडी जाईल, मी म्हणाले. इथे माझा आवाज जरा चढला. मास्तर गेले याचा राग मला कुणावर तरी काढायचाच होता आणि समोर ही सापडली.

नणंदेने मधला मार्ग काढला. आधी रेघांवरून पांढऱ्या दोऱ्याने धावदोरा घालू, मग खुशाल धुवा. ऐकायला छान होतं. पण कापड आटताना उभं जास्त आटतं, आडवं कमी. दोरा एकीकडे सैल पडेल, दुसरीकडे ताणेल आणि मास्तरांची रेघ वेडीवाकडी होईल. मग ती मास्तरांची कसली? मास्तर माझ्या डोळ्यांदेखत कुणाची वाकडी रेघ खपवून घेत नसत, मग मी त्यांची कशी वाकडी करू?

"मग राहू दे," मुलगी म्हणाली आणि कापड पुन्हा नळीवर गुंडाळू लागली. भांडली असती तर मीही भांडले असते. पण ती इतक्या सावकाश गुंडाळत होती की मला ते बघवेना.

मी तिला थांबवलं. किती आटतंय ते तर बघू, म्हटलं. काही कापडं अगदी थोडी आटतात, मग अस्तर तेवढं ढिलं ठेवून सांभाळून घेता येतं. रेघांच्या बाहेरच्या कोपऱ्यातून तळहाताएवढा चौकोन कापायची परवानगी मी तिच्याकडून मागितली. तिने मान हलवली, पण मी कात्री चालवली तेव्हा ती खिडकीबाहेर बघत होती.

तो चौकोन कागदावर ठेवून मी कडेने पेन्सिल फिरवली. सोबत आमच्या नव्या अस्तराचाही तेवढाच तुकडा घेतला, म्हणजे तुलना राहील. दोन्ही उकळत्या पाण्यात टाकले. तोवर नणंदेने चहा केला आणि मास्तरांच्या आठवणी काढल्या. मला त्यांच्याशी गरम पाण्यावरून भांडायची सवय होती. ते म्हणायचे, शर्टाच्या कापडाला गार पाणी पुरे, रात्रभर ठेवा. मी म्हणायचे, गरमच पाहिजे. रस्त्याच्या या कडेवरून त्या कडेला आम्ही असे ओरडून वाद घालायचो आणि येणारेजाणारे आम्हाला वेडे समजायचे. आता पाणी गार की गरम याची पर्वा असलेली मी एकटीच उरले होते, आणि ते मला फार लागत होतं.

तुकडे इस्त्रीने वाळवले. अस्तराचा तुकडा कागदावर ठेवला तर पेन्सिलीची रेघ दोन बाजूंनी चांगली बाहेर राहिली. निळा तुकडा ठेवला आणि तो रेघेला रेघ बसला. मी तो उलटा करून ठेवला. फिरवून ठेवला. पुन्हा पाण्यात घातला, पुन्हा इस्त्री केली. तसाच.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ज्या माणसाशी मी पाण्यावरून आयुष्यभर भांडले, त्याच्याच कापडाला मी कोरं म्हणाले होते. हाताला खळ लागली आणि मी निकाल देऊन मोकळी झाले.

"तुझे वडील पाणी दाखवल्यावर कापडाला पुन्हा खळ लावायचे का?" मी विचारलं.

लावायचे, ती म्हणाली, मऊ कापडावर खडू घसरतो म्हणून. आणि मग तिने कप खाली ठेवला.

"मागच्या अंगणात निळं कापड वाळत होतं," ती म्हणाली. "मीच दोरीवरून काढलं. त्यांना धाप लागत होती, तरी गिऱ्हाइकाचं काम घेतलंय म्हणून मी त्यांना बोलले. बरंच बोलले. त्यांनी काही सांगितलं नाही. मी घडी करून टेबलावर टाकलं आणि कामावर गेले."

नणंदेने तिच्या पाठीवर हात ठेवला. मला असल्या वेळी काय करावं ते कळत नाही, म्हणून मी कापडाच्या कडा सारख्या करत बसले. पण कडा सारख्या करताना जे मनात आलं ते मी बोलून टाकलं.

"नुसतं ठेवायच्या कापडाला मास्तर पाणी दाखवत नसत. हे गोधडीत जपायला नाही काढलेलं, बाई. तुला घालायला काढलंय."

शिवायचं म्हणजे कापायचं, ती म्हणाली, आणि कापायला तेच हवे होते. दुसऱ्या कुणाची कात्री त्यावर तिला चालणार नव्हती, म्हणून तर गोधडी. मी म्हटलं, दुसऱ्या कुणाची कशाला? लहानपणी त्यांच्या टेबलाखाली खेळलीस, कात्री कशी धरतात ते तुला माहीत आहे. ती कापड घेऊन गेली. मला वाटलं, मी नेहमीसारखं जास्त बोलले आणि ही काही आता परत येत नाही.

पण ती आली. टपाल वाटून थेट, थैलीसकट, आणि थैलीतून तिने मास्तरांची मोठी कात्री काढली.

टेबल रिकामं करून आम्ही कापड पसरलं. कात्री लावायच्या आधी मी सगळ्या रेघा एकदा नजरेखालून घातल्या, आणि मला चूक दिसली. डाव्या खांद्याची रेघ उजव्यापेक्षा खाली उतरली होती. पुढेही आणि पाठीलाही. मला भरून आलं. एवढा हात बसलेला माणूस, पण धाप लागत असताना हात हलणारच. मी पट्टी आणि खडू घेतला. एवढी एक रेघ सरळ करून देते, मी म्हणाले, म्हणजे शर्ट नीट बसेल.

"वहिनी, पट्टी ठेवा," नणंद म्हणाली. "तिच्याकडे बघा."

मुलगी टेबलाच्या पलीकडे उभी होती. थैली दाराशी होती, खांद्यावर काही नव्हतं. तरी तिचा डावा खांदा उजव्यापेक्षा खाली होता. रोज तीच थैली, रोज त्याच खांद्यावर.

तिने आमच्याकडे बघितलं, मग रेघेकडे, मग आमच्या इस्त्रीच्या टेबलाजवळच्या आरशात स्वतःकडे. तिचा हात आपोआप डाव्या खांद्यावर गेला.

"माझं माप त्यांनी कधी घेतलंच नाही," ती म्हणाली.

खिडकीवरून जाणारी ती रोज पुढे बघत जायची. मान वर होत नाही एवढंच तिने पाहिलं होतं. मान वर न करता बघणारा माणूस मी समोरच्या कडेवरून किती वर्षं पाहिला होता. मी पट्टी जागेवर ठेवली आणि खडू खिशात टाकला.

रेघेच्या आतून कापू की बाहेरून, तिने विचारलं. रेघेवरून, मी म्हणाले. पहिला काप घेताना तिचे ओठ घट्ट मिटलेले होते. कात्री पाठीच्या रेघेवर लागली आणि मग न थांबता चालत राहिली. खडूची अर्धी रेघ शर्टाकडे गेली, अर्धी उरलेल्या कापडाकडे.

शर्ट तिनेच शिवला, आमच्या मशीनवर, दोनदा उसवून. खांद्यात तो असा बसला की नणंद उगाचच कॉलर नीट करत राहिली, कारण नीट करण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

उरलेलं निळं कापड मी गोधडीच्या मधोमध लावलं, मास्तरांच्या शर्टांच्या शेजारी. काखेच्या गोलाईचे तुकडे, मानेचा अर्धा चंद्र, सगळ्यांच्या कडेला खडूची अर्धी रेघ. ते मी धुतले नाहीत. नणंदेने ते पाहिलं आणि पहिल्यांदाच मला चिडवलं नाही.

गोधडी न्यायला मुलगी आली तेव्हा तिच्या अंगात निळा शर्ट होता. तिने त्या रेघांवरून बोट फिरवलं. मी तिला आधीच सांगून ठेवलं, पहिल्या धुण्यात खडू जाईल, मग मला बोलायचं नाही.

"जाऊ दे, काकू," ती म्हणाली आणि थैली डाव्या खांद्याला अडकवून निघाली.