सेक्टर दोनची पाहुणी

शाळा संपल्यावर कॉलेजात जाण्याआधी एक वर्ष परदेशात काढायचं, असं योहानानं ठरवलं आणि एका स्वयंसेवी संस्थेनं तिला जर्मनीहून भिलाईला पाठवलं. वैशाली नगरातल्या मूकबधिर मुलांच्या शाळेत तिनं चित्रकला शिकवायची होती. राहायची सोय सेक्टर दोनमध्ये, नरेश आणि शालू यांच्या क्वार्टरमध्ये होती. नरेश तिथल्या पोलाद कारखान्यात, प्लांटमध्ये, नोकरीला होता. मुलगा राजदीप पुण्याला शिकायला गेल्यामुळे त्याची खोली रिकामीच होती.

योहाना थोडंफार हिंदी शिकून आली होती. घरातले मात्र आपसात मराठी बोलत; तिच्याकडे वळले की हिंदी. जेवताना ताटात न विचारता पोळी पडे. ताट उचलायला गेली की शालू ते हातातून काढून घेई. कपडे कोणी धुतले तेही तिला कळत नसे. संध्याकाळी घडी करून पलंगावर ठेवलेले असत. कुठं जायचं म्हटलं की नरेश स्कूटर काढे. शाळेतही बाई तिला खुर्ची देत, आणि मुलं तिच्या खाणाखुणांना हसत.

नरेशचे वडील धोंडबा ऐंशी ओलांडलेले. तरुणपणी प्लांट उभा राहताना रशियन इंजिनीअरांच्या हाताखाली काम केल्यामुळे गोरी मुलगी म्हणजे रशियन, हे त्यांच्या डोक्यात पक्कं होतं. सकाळी ते तिला रशियनमध्ये नमस्कार करत. आपण जर्मन आहोत, हे तिनं पंधरा दिवस सांगितलं आणि मग नाद सोडला.

दोन महिन्यांनी तिनं परत जायचं ठरवलं. शालूनं एवढंच विचारलं, “कावून? आमचं काई चुकलं का?” चूक तर कोणाचीच नव्हती.

त्या दुपारी धोंडबा अंगणात पेरूच्या झाडाखाली बसले होते. त्यांनी तिला हाक मारून समोर बसवलं.

“मी बी पळालो होतो,” ते म्हणाले. अर्धं हिंदी, अर्धं मराठी, पण तिला समजेल इतकं सावकाश.

भंडाऱ्याकडच्या खेड्यातून ते प्लांटच्या कामावर आले तेव्हा एकोणीस वर्षांचे होते. एका खोलीत आठ जण, एकाची भाषा दुसऱ्याला येत नाही. तीन महिने कसेबसे काढले, मग दुर्गला जाऊन गाडीत बसले आणि गाव गाठलं.

“मग परत का आलात?”

“झोपच लागे ना. गावात प्लांटचा भोंगा नव्हता.” मग थोडं आठवून म्हणाले, “आलो तं सायबानं काई विचारलं नाई. फावडं देल्लं हातात.”

योहाना आणखी पुढं सरकून बसली. मग म्हणाली, “मला इथं कोणी काहीच करू देत नाही.”

“मंग सांग ना तसं. शालूले काय सपन पडते?”

तिनं सांगितलं. शालूला ते लागलं. परदेशातल्या पोरीला कामाला जुंपलं, असं लोक म्हणतील, हे तिनं संध्याकाळी नरेशला दोनदा बोलून दाखवलं. सकाळी मात्र तिनं गव्हाचा डबा योहानापुढं ठेवला आणि मार्केटमागची चक्की कुठं आहे ते समजावून सांगितलं. योहाना डबा घेऊन रांगेत उभी राहिली. चक्कीवाल्यानं कोणाचा डबा म्हणून विचारलं, तिनं नरेशचं नाव सांगितलं. पीठ जाडं आलं, त्या दिवशी पोळ्या कडक झाल्या.

शाळेत तिनं खुर्ची सोडली. मुलांमध्ये खाली बसून त्यांच्या खुणा शिकू लागली. त्यातली भावना नावाची मुलगी फार कडक मास्तरीण निघाली. डिसेंबरअखेरपर्यंत थांबते, असं योहानानं संस्थेला कळवलं, आणि डिसेंबर आल्यावर मेपर्यंत थांबते असं लिहिलं. मध्ये तिला कावीळ झाली. पंधरा दिवस पडून असताना घरी जावंसं तिला पुन्हा वाटलं, अगदी तिकीटही तिनं पाहून ठेवलं. पण शाळेच्या भिंतीवर मुलांनी मालगाडी काढायला घेतली होती आणि बारा डबे रंगवायचे राहिले होते. अंगात थोडी ताकद आल्यावर ती आधी तिकडं गेली.