पाचवा उद्गार

गच्चीवरचा कॉक बंद करून, दाराला कुलूप ठोकून रणभिसेबाईंनी किल्ली पर्समध्ये टाकली, तेव्हा त्यांच्या मनाला कसलीही टोचणी नव्हती. आयुष्यभर मुख्याध्यापिका म्हणून वावरलेली बाई ती! नियम मोडणाऱ्याला शिक्षा झाली की बाईंना कसं हलकं हलकं वाटायचं.

शरणपूर रोडच्या मागच्या अंगाला त्यांची तीन मजली सोसायटी, आणि बाई तिच्या चेअरमन. एप्रिल लागल्यापासून वरची टाकी दुपारच्या आतच कोरडी पडत होती. प्लंबरनं पाइपांना कान लावून सांगितलं, की तिसऱ्या मजल्यावरच्या शुभांगीची लाइन दिवसभर वाहते. शुभांगीचा नवरा कुंदन सातपूरला कारखान्यात, घरात माणसं दोन. बाईंनी तिला बोलावून विचारलं, "पाणी जातं कुठं गं?"

"वापरतो, बाई."

"दोन माणसं वापरता? का हत्ती पाळलाय गॅलरीत?"

शुभांगी मान खाली घालून वर निघून गेली. मग मीटिंगमध्ये सगळ्यांनी ठरवलं, पुन्हा टाकी आटली तर शुभांगीची लाइन दिवसभर बंद. त्या सकाळी टाकी पुन्हा आटली. बाईंनी टँकर मागवला, टाकी भरून घेतली आणि ठरल्याप्रमाणे एक कॉक फिरवला. झालं! यात चूक म्हणून कुठं बोट ठेवाल?

पण तो दिवस होता उत्तम शुक्रवारचा, म्हणजे गुड फ्रायडेचा. चर्चमधल्या बारा ते तीनच्या उपासनेत सात जणांनी उभं राहून, प्रभूनं वधस्तंभावर काढलेल्या सात उद्गारांवर एकेक करून बोलायचं, अशी त्यांच्या मंडळीची जुनी रीत. बायकांच्या वाट्याला दरवर्षी यायचा तो तिसरा, आईला उद्देशून काढलेला उद्गार. बाईंना हवा होता पाचवा. तहानेचा, 'मला तहान लागली आहे' हा. इतकी वर्षं पाळकसाहेबांच्या मागे लागून यंदा कुठं तो पदरात पडला होता, आणि लेंटभर, म्हणजे उपासाचे चाळीस दिवस, आरशासमोर उभं राहून त्यांनी भाषण घोटून तोंडपाठ केलं होतं. कडक उपास होता. तीन वाजेपर्यंत पाण्याचा थेंब नाही. फ्रीजमध्ये लिंबाचं सरबत मात्र तयार करून ठेवलेलं होतं.

पांढरी साडी नेसून बाई खाली उतरल्या, तर जिन्यात शुभांगी उभी. तिचा चेहरा पार उतरलेला होता. "बाई, आजचा दिवस पाणी सोडा. उद्या काय ती शिक्षा करा मला."

"का? आज काय विशेष?"

शुभांगीनं मागच्या गल्लीच्या दिशेनं बघितलं. खाली बाईंच्या नेहमीच्या रिक्षावाल्याचा, राजूचा हॉर्न वाजला.

"संध्याकाळी बघू," म्हणून बाई निघाल्या.

रिक्षा इमारतीला वळसा घालून मागच्या गल्लीत आली. तिथं नव्या बिल्डिंगचं काम चाललं होतं, आणि कडेला मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या होत्या. बाईंची नजर सहज वर गेली. शुभांगीच्या गॅलरीतून एक हिरवा पाइप कंपाउंडच्या भिंतीपलीकडं सोडलेला होता. खाली हंडे, डबे, बादल्या मांडलेल्या, आणि चार बाया वर पाइपाच्या तोंडाकडं बघत उभ्या. त्यातल्या एकीच्या खांद्यावर पोर होतं. पोराची मान नुसती लोंबत होती.

हत्ती कुठं पाळला होता, ते बाईंना क्षणात कळलं.

"राजू," त्या म्हणाल्या. राजूनं वेग कमी केला. बाईंनी घड्याळाकडं बघितलं. देवळात सात खुर्च्या मांडलेल्या असतील, पाचवी त्यांची. "काही नाही. चल. उशीर होतोय."

देवळात वेदी, या दिवशी वस्त्रं उतरवतात तशी, उघडी होती. पंखे नुसतेच गरगरत होते. पाचव्या खुर्चीत बसून बाईंनी डोळे मिटले, की समोर ती मान यायची. उष्णतेनं झोपलं असेल पोर, त्यांनी स्वतःला समजावलं. एप्रिलात सगळीच पोरं मलूल होतात. आणि त्या बाया काय कुणाकडं पाणी मागणार नाहीत? पण मागणार कुणाकडं? मजुरांना दारात उभं करू नका, अशी पाटी सोसायटीच्या गेटवर लावली होती. ती बाईंनीच लिहिली होती, सुवाच्य अक्षरात.

पहिला उद्गार झाला, क्षमेचा. दुसरा झाला. तिसऱ्याला एक तरुण मुलगी आईवर बोलताना रडली आणि मागच्या बाकांवर पदर डोळ्यांना लागले. बाईंच्या घशाला कोरड पडली होती. जीभ टाळूला चिकटत होती. त्यांनी थुंकी गिळायचा प्रयत्न केला, आणि मनात कुणीतरी फाडकन विचारलं, तुझ्या तहानेला तीन वाजता सरबत आहे, त्या पोराच्या तहानेला काय आहे?

शुभांगीला फोन करावा? करून काय सांगणार? कुलपाची किल्ली एकच, ती इथं मांडीवरच्या पर्समध्ये. चौथ्या उद्गारावर बोलायला रिटायर झालेले पोस्टमास्तर उठले. ते देवानं टाकून दिल्याबद्दल फार संथपणे बोलत होते. बाईंच्या हातातलं भाषण घामानं ओलं झालं. पोराला काही झालं तर? अरे देवा, काही झालं तर?

पोस्टमास्तर बसले. मंडळी गीताला उभी राहिली तशा बाईही उभ्या राहिल्या, पण पाय दाराकडं वळले. पाळकसाहेब लगबगीनं जवळ आले आणि कुजबुजले, "बाई, आता तुमची पाळी."

"माझं एक काम राहिलंय, पाळकसाहेब."

"आत्ता?"

"सकाळीच करायचं होतं," बाई म्हणाल्या आणि बाहेर पडल्या.

झाडाखाली रिक्षात राजू पाय लांबवून घोरत होता. "एवढ्यात सुटलं?"

"गप्प बस आणि उडव रिक्षा!"

राजूनं उडवली खरी, पण सिग्नलला लाल दिवा. पुढं एक टेम्पो आडवा. बाई आयुष्यात पहिल्यांदा रस्त्यावर ओरडल्या, "अहो, सरका की बाजूला!" घराशी आल्यावर त्या न थांबता तीन जिने चढल्या. घाईत किल्ली कुलपात जाईना. कॉक उन्हानं इतका तापला होता, की पदरात धरून पिळावा लागला. आत पाणी खळखळलं. बाई कठड्याशी धावल्या. खाली हिरवा पाइप उसळला, थुंकला आणि धो धो वाहायला लागला.

हंडे तसेच मांडलेले होते. भरायला मात्र एकही बाई नव्हती.

रणभिसेबाई कशा उतरल्या, भिंतीला वळसा घालून कशा धावल्या, ते त्यांचं त्यांनाही पुढं आठवलं नाही. एका पत्र्याच्या खोलीपुढं सगळ्या बाया गोळा झाल्या होत्या. आत शुभांगी मांडी घालून बसलेली, आणि मांडीवर ते पोर. दोन-अडीच वर्षांची मुलगी. डोळे खोल गेलेले, ओठांवर पापुद्रे.

"आहे ना?" बाईंनी विचारलं. 'जिवंत' हा शब्द त्यांना उच्चारवेना.

"हाय," मुलीची आई, पेठकडची चांगुणा म्हणाली. "रातीपासून उलट्या न् जुलाब. पाजलं की टाकती. या ताईंनी घरातलं होतं नव्हतं ते पाणी दिलं, तेबी सरलं. रोशनीचा बाप गाडी बघाया गेलाय, आजून नाय आला."

"रिक्षा आहे. उठा!" बाईंचा शाळेतला आवाज परत आला. "तांब्या भरून घ्या त्या पाइपावर. साखर आणा, चिमूटभर मीठ आणा. चमचा घ्या." त्यांनी पाण्यात साखर-मीठ ढवळलं आणि चव पाहिली. डोळ्यांतल्या पाण्याहून खारट नको, असं शाळेत मुलांकडून पाठ करून घेतलं होतं. आज ते मोजायला माप हाताशीच होतं, गालांवरून वाहत होतं.

रिक्षात बाईंनी रोशनीला मांडीवर घेतलं. एका बाजूला चांगुणा, दुसऱ्या बाजूला तांब्या सांभाळत शुभांगी. बाई चमचा चमचा पाजत होत्या. पहिले दोन चमचे ओठांच्या कडेनं ओघळले आणि पांढऱ्या साडीवर सांडले.

"मला सांगितलं का नाहीस?" बाईंनी शुभांगीला विचारलं.

"सांगितलं असतं तर तुम्ही ठेकेदाराला नोटीस धाडली असती. त्यानं यांनाच हाकललं असतं."

खरंच होतं ते; नोटिशीचा मजकूर बाईंच्या डोक्यात कधीचा तयार होता. तिसरा चमचा थोडा आत गेला. रिक्षा देवळावरून गेली, आतून गाण्याचा आवाज येत होता. बाईंनी तिकडं बघितलं नाही.

"बाई," शुभांगी हळूच म्हणाली, "सकाळी राजूभाऊंनी रिक्षा हळू केली होती. मी तशीच पळत वर गॅलरीत गेले होते. तुम्ही बघितलंत."

खोटं बोलायला जागा होती. उन्हाची तिरीप डोळ्यांवर होती, नीट दिसलं नाही, असं म्हणता आलं असतं.

"हो," बाई म्हणाल्या. "बघितलं."

"आणि तरी गेलात."

"गेले."

शुभांगीनं तोंड फिरवलं. चांगुणाला यातलं काय कळलं कुणास ठाऊक, तिनं पदरानं बाईंच्या कपाळावरचा घाम पुसला आणि म्हणाली, "तुमचं ओठ लय सुकल्यात, बाई. घोटभर घ्या की."

बाईंनी मान हलवली. त्यांना आता तहान नव्हती, भीती होती नुसती. मांडीवरचं अंग भट्टीसारखं तापलेलं होतं. हॉस्पिटलचं फाटक समोर दिसायला लागलं, तशी राजूनं हॉर्नवर बोट दाबूनच धरलं. त्या आवाजानं रोशनीनं डोळे किलकिले केले. अनोळखी म्हातारीकडं तिनं थोडा वेळ बघितलं आणि कोरडे ओठ हलवले.

"पानी," ती म्हणाली.

चांगुणा मोठ्यानं रडायला लागली. बाईंनी चमचा भरला. हात इतका कापत होता, की शुभांगीला पुढं होऊन त्यांचं मनगट धरावं लागलं. दोघींनी मिळून तो चमचा पोरीच्या तोंडाशी नेला.

"घे, माझ्या बाळा," बाई म्हणाल्या. "मला यायला उशीर झाला गं."