अठ्ठ्याऐंशी पायऱ्यांवरचा डबा

मित्रांनो, मला भेटायचं असेल तर आधी अठ्ठ्याऐंशी पायऱ्या चढून या. दम लागला तर कठड्याला धरून थांबा, घाई नाही. गच्चीच्या दाराशेजारी भिंतीत एक कोनाडा आहे. तिथे जो गोल, पत्र्याचा, एका बाजूला पोचा आलेला आणि कडेने गंजलेला म्हातारा बसला आहे, तो मी. मी खाऊचा डबा आहे. स्वयंपाकघर सोडून इतक्या उंचावर मी कसा आलो, ते ऐकण्यासारखं आहे.

माझा जन्म एका गोंगाटाच्या कारखान्यात झाला. यंत्राने पत्रा कापला, वाकवला, ठोकला, आणि झाकणावर निळं तळं आणि त्यात एक होडी छापली. त्या होडीचा मला फार गर्व होता. दुकानाच्या फळीवर मी बिस्किटं पोटात घेऊन ऐटीत बसलो होतो. एके दिवशी दूरच्या पुलाच्या कामावर असणारे एक गृहस्थ आले. महिन्यातून एकदाच त्यांना घरी जायला मिळायचं, आणि रिकाम्या हाताने जायचं नव्हतं. त्यांनी मला उचललं. या घरातले बाबा ते.

घर तळमजल्यावर होतं. घरात आई, थोरली आणि धाकटा. बिस्किटं दोन दिवसांत फस्त झाली, पण होडीमुळे मला कोणी टाकलं नाही. आईने मला स्वयंपाकाच्या ओट्यावर, अगदी हाताशी ठेवलं आणि माझे सुखाचे दिवस सुरू झाले. उन्हाळ्यात ती माझ्यात वाळवलेल्या फळांच्या आंबटगोड फोडी भरायची. पावसाळ्यात भाजलेले मक्याचे दाणे. थंडी पडली की सुका मेवा गुळात घोळवून ती त्याचे चौकोनी तुकडे पाडायची, आणि तो वास तर आजही माझ्या पत्र्यात कुठेतरी आहे. ऋतू बदलला हे मला खिडकीतून कधी कळलं नाही, पोटातून कळलं.

आई शहराची बस चालवायची. पहाटे उठून तिघांचे डबे करायची, मुलांना शाळेत पोचवायची आणि मग आठ तास चाकामागे बसायची. तिची बस घरासमोरच्या वळणावरून जायची. वळणावर ती दोनदा छोटा हॉर्न द्यायची आणि मुलं घरी असली तर खिडकीकडे धावायची. त्या हॉर्नवर तिचा जीव होता, हे मी ओट्यावरून बघत आलो आहे.

पण तिच्या खाण्याला काही धरबंध नव्हता. ती कधी ताट वाढून घेऊन बसलीच नाही. थोरलीने टाकलेला भात, धाकट्याने कडेला सारलेले तळलेले बटाटे, हे सगळं ती मोरीपाशी उभ्या उभ्या तोंडात टाकायची. "टाकायचं कसं बाई?" असं स्वतःलाच म्हणायची. मग कामावरून दमून आली की चप्पल काढायच्या आधी माझं झाकण उघडायची. एक तुकडा, दुसरा तुकडा. मला वाटायचं, किती प्रेम करते ही माझ्यावर! मूर्ख होतो मी.

बस चालवणाऱ्यांची दर वर्षी तपासणी व्हायची. त्या वर्षी डॉक्टरीणबाईंनी कागद बघितला आणि चष्मा काढला. आईने घरी येऊन फोनवर बाबांना सांगितलं, तेव्हा मी ऐकलं.

"साखर काठावर आहे म्हणाल्या. तीन महिन्यांनी पुन्हा बघणार. वाढली तर बसवरून काढून तिकिटाच्या खिडकीवर बसवतील हो मला."

पलीकडून बाबा काहीतरी म्हणाले. आई म्हणाली, "पगाराचं नाही हो. मला खिडकीत बसायचं नाहीये."

दुसऱ्या दिवशी तिने कानाला खडा लावला. घरात गोड बंद, तळलेलं बंद, खाऊ बंद. मला घासून कोरडं केलं आणि माझ्यात बटणं, सुया आणि दोऱ्याची रिळं भरली. मित्रांनो, खाऊच्या डब्याच्या नशिबी शेवटी सुईदोराच येतो, हे मी ऐकून होतो. पण इतक्या लवकर! धाकट्याने एकदा आशेने झाकण उघडलं आणि तो बटणांकडे बघत राहिला. त्याचं तोंड बघून मलाच रडू आलं.

नव्याचे नऊ दिवस. दहाव्या दिवशी थोरलीच्या दप्तरात दुकानातल्या वेफर्सचं पाकीट सापडलं. धाकट्याच्या खिशात चिकट गोळ्या निघाल्या. आई ओरडणार तोच तिच्याच पिशवीतून क्रीमच्या बिस्किटांचा रिकामा कागद खाली पडला. तिघंही त्या कागदाकडे बघत राहिली. मग थोरली फिसकन हसली, धाकटा हसला आणि आईने डोक्याला हात लावला. "चोरीचा मामला, हळूहळू बोंबला!" असं म्हणत तीही हसायला लागली.

त्या संध्याकाळी तिने बटणं काढली आणि नवे नियम केले. पहिला, आईचं ताट आधी वाढायचं. अर्धं ताट भाजीचं, आणि तिने ते बसून खायचं. दुसरा, ज्याने त्याने हवं तेवढंच वाढून घ्यायचं, म्हणजे मोरीपाशी काही उरणार नाही. तिसरा नियम माझ्याबद्दल होता. मला खाऊ परत मिळाला, पण माझा मुक्काम हलला. आमची इमारत चार मजली, लिफ्ट नाही, प्रत्येक मजल्याला बावीस पायऱ्या. आईने मला उचलून थेट गच्चीच्या कोनाड्यात ठेवलं.

"खाऊ कुणालाही बंद नाही," ती म्हणाली. "पण तो इथे राहील. एका चढाईला एक तुकडा. इथेच बसून खायचा, खाली न्यायचा नाही."

माझ्या झाकणाच्या आत तिने एक पांढरा कागद चिकटवला आणि त्यावर तीन रकाने पाडले. आई, थोरली, धाकटा. चढाई झाली की आपल्या रकान्यात एक रेघ. पेन्सिल दोऱ्याने बांधून कोनाड्यातल्या खिळ्याला अडकवली.

सुरुवातीला मी फुगून बसलो होतो. ओट्यावरचा राजा आणि गच्चीवरचा वनवासी! पण खरं सांगतो, माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुंदर दिवस तेच. संध्याकाळी जिन्यात तीन जोड्या पायांचा आवाज यायचा. धाकट्याचा धडधड, थोरलीचा टकटक आणि सगळ्यांच्या मागे आईचा, थांबून थांबून. वर आल्यावर तिघं पाण्याच्या टाकीला टेकून बसायची. ओट्यावर असताना माझा तुकडा दोन घासांत नाहीसा व्हायचा. इथे तो दहा मिनिटं पुरायचा. शाळेतल्या बाई, बसमध्ये विसरलेली छत्री, बाबांचा पूल, सगळ्या गप्पा त्या एका तुकड्याभोवती व्हायच्या.

मग शाळांच्या सुट्ट्या लागल्या आणि आईला जादा फेऱ्या आल्या. ती घरी यायची ती पाय ओढत. एके दिवशी धाकटा एकटाच वर आला. आपला तुकडा खाल्ला, आपली रेघ ओढली, खाली गेला. थोड्या वेळाने धापा टाकत पुन्हा आला. आईच्या रकान्यात एक रेघ ओढली, एक तुकडा रुमालात बांधला आणि खाली घेऊन गेला. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही.

मी काय करणार? मला तोंड आहे, पण ते फक्त खाऊ घालायला. खाली काय चाललं होतं ते मला नंतर कळलं. तो रुमाल आईच्या हातात ठेवून म्हणायचा, "तू दमलीयेस ना? तुझे जिने मी चढून आलो." आणि आई त्याला जवळ घेऊन तो तुकडा खायची. त्याचं मन मोडवत नव्हतं, आणि पायही खरंच दुखत होते. थोरली सुट्टीनंतरच्या परीक्षेच्या अभ्यासात बुडालेली, तिला यातलं काही माहीत नव्हतं.

तीन महिने झाले. साखर खाली येण्याऐवजी वर गेली होती. डॉक्टरीणबाईंनी शेवटची संधी म्हणून आणखी तीन महिने दिले.

थोरली रागारागात वर आली आणि तिने माझं झाकण उघडलं. "आईच्या रेघा तर माझ्यापेक्षा जास्त आहेत! मग असं कसं झालं? हे झाकण खोटं बोलतंय का?" मागून आई आणि धाकटा आले होते. माझ्या जन्मात माझ्यावर असा आळ कधी आला नव्हता.

पण दुसऱ्या मजल्यावर एक शिवणकाम करणाऱ्या मावशी राहायच्या. त्यांचं यंत्र दारातच असायचं, त्यामुळे जिन्यातलं मांजरही त्यांच्या नजरेतून सुटत नसे. वाळत घातलेले कपडे काढायला त्या गच्चीवर आल्या होत्या. "अगं, ही कुठली चढतेय?" त्या म्हणाल्या. "महिना झाला, हिचं तोंड दिसलं नाही मला जिन्यात. तुझा भाऊच जातो बिचारा दोन-दोनदा."

धाकट्याचा चेहरा पडला. "आईचे पाय दुखत होते," तो पुटपुटला. "मला वाटलं, कुणीही चढलं तरी चालतं." आणि तो हुंदके देऊन रडायला लागला. "माझ्यामुळे आईची बस जाणार का?"

आई खाली बसली, त्याला मांडीवर ओढलं आणि तीही रडली. "नाही रे सोन्या. चूक माझी आहे. तू लहान आहेस, मला कळत होतं. पण बघ, तू चढलास तर पाय तुझे बळकट होणार. माझे कसे होतील? आपण मेल्याशिवाय स्वर्ग दिसत नाही म्हणतात, ते काही खोटं नाही."

तिने पेन्सिल घेतली. त्याने तिच्यासाठी ओढलेल्या एकतीस रेघा शोधून काढल्या. त्या ओळखणं सोपं होतं, तो फार दाबून लिहायचा. मला वाटलं आता ती खोडणार. पण तिने त्या खोडल्या नाहीत. त्यांच्याभोवती एक गोल काढला आणि त्याखाली आजची, स्वतःची एक रेघ ओढली.

त्यानंतर तिने एकही संध्याकाळ चुकवली नाही. जादा फेरी असली तर गणवेशातच वर यायची. जेवणाच्या डब्यात पालेभाजी आणि मोड आलेली कडधान्यं न्यायची आणि डेपोत बसून, हळूहळू खायची. थंडीत मेव्याचे तुकडे केले, पण गूळ निम्मा घातला आणि तुकडे लहान पाडले. धाकटा म्हणाला, "हे तर उंदराला पुरतील एवढेच आहेत!" तरी रोज एक खायला तो धावत येत होता.

शेवटच्या तपासणीच्या दिवशी घरात कुणी नव्हतं, मी वर एकटाच. दुपारी वळणावर बसचा आवाज आला. मी वाट बघत होतो. एक हॉर्न. दुसरा. मग तिसरा, लांबलचक, कुठल्याच नियमात न बसणारा. त्या आवाजाने माझं झाकण थरथरलं, आणि मला कळलं की आईची बस आईकडेच राहिली.

दिवस काय, थांबतात थोडेच? थोरली शिकायला बाहेर पडली, धाकटा दुसऱ्या शहरात नोकरीला लागला. बाबा कायमचे घरी आले. आई निवृत्त झाली. आणि इमारतीला लिफ्ट बसली. लिफ्ट तिसऱ्या मजल्यापर्यंतच येते, गच्चीपर्यंत नाही. जिना ओस पडला. नळ दुरुस्त करणाऱ्याने माझ्यात वायसर ठेवले आणि विसरून गेला. पावसाचे झोत आत आले आणि माझी लाडकी होडी गंजून तळ्यात बुडाली. किती वर्षं गेली, मला सांगता येणार नाही. पोटात खाऊ नसला की ऋतू कळत नाहीत.

मागच्याच आठवड्यात जिन्यात आवाज आला. टकटक, मी तो लगेच ओळखला. पुढे एक नवीन धडधड होती. आणि सगळ्यात मागे, फार मागे, थांबून थांबून येणारे पाय.

थोरली आता स्वतः आई आहे. प्रयोगशाळेत नोकरी करते, सुट्टीला लेकीला घेऊन आली होती. खाली काय झालं ते मला नंतर त्यांच्या गप्पांतून कळलं. जेवण झाल्यावर ती मोरीपाशी उभी राहून लेकीच्या ताटातलं उरलेलं खात होती. आईने ते बघितलं. उपदेश केला नाही. एका डबीत मेव्याचे तीन तुकडे घेतले आणि म्हणाली, "चला, वर."

"आजी, लिफ्ट आहे की!" नात म्हणाली.

"खाऊ लिफ्टने येत नाही, बाळा."

तिसऱ्या मजल्यावर आई पायरीवर बसली. थोरलीचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. "आई, बस झालं. गुडघे दुखतायत ना? तू इथेच थांब, तुझी रेघ मी ओढते."

मग कठडा करकरला आणि उरलेल्या बावीस पायऱ्यांवर ते पाय एक एक करून चढू लागले.

थोरलीने वायसर काढून मला ओढणीने पुसलं. झाकणातला कागद पिवळा पडला होता, पण टिकला होता. नातीने गोलावर बोट ठेवलं. "या कुणाच्या रेघा?"

"तुझ्या मामाच्या," आई म्हणाली. "फार मायेने ओढल्या होत्या त्याने. पण माझ्या कामी आल्या नाहीत."

मग तिने आपल्या रकान्यात रेघ ओढली. थोरलीने तिच्या हातातून पेन्सिल घेतली, स्वतःची रेघ ओढली आणि लेकीसाठी चौथा रकाना पाडला. तिघी टाकीला टेकून बसल्या आणि एक एक तुकडा दहा मिनिटं खात राहिल्या.

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा असं मी म्हणणार नाही. माझा गंज आता माझ्यासोबतच जाईल. पण तुमच्याही घरात खाऊचा एखादा डबा असेल. त्याला कुलूप लावू नका आणि त्याला अगदी हाताशीही ठेवू नका. थोडा उंच ठेवा. आणि तुमची आई उभ्या उभ्या तुमचं उष्टं खाताना दिसली, तर तिच्यासाठी धावत वर जाऊन खाऊ आणू नका. तिचं ताट वाढा, मग तिचा हात धरा आणि तिला वर घेऊन या. ती सावकाश येईल. तुम्ही पुढे पळू नका.