नमुन्याचा नळ

मित्रांनो, मी एक जुना पितळी नळ आहे, आणि आमच्या गावात माझ्याइतकं निर्मळ कुणी नाही. ही फुशारकी समजू नका. हे प्रयोगशाळा म्हणते, तेही दर महिन्याला, छापील कागदावर.

माझा जन्म ओतकामाच्या कारखान्यात झाला. वितळलेलं पितळ वाळूच्या साच्यात ओतलं, गार झाल्यावर आम्हा भावंडांना हातोडीने एकमेकांपासून तोडलं, कानशीने घासलं, आत आटे पाडले आणि सगळ्यांना एकाच गोणीत कोंबलं. गोणीत असताना कोण कुठे जाणार हे कुणालाच माहीत नसतं. माझ्या अंगाखाली दबलेला एक भाऊ पुढे खालच्या गल्लीत गेला म्हणे. आमच्या दोघांच्या धातूत काडीचाही फरक नव्हता.

मला बसवलं पाणीपुरवठा केंद्राच्या आवारात, गावाकडे जाणाऱ्या मोठ्या पाइपाच्या अगदी तोंडाशी. क्लोरीनची टाकी माझ्यापासून हाताच्या अंतरावर. नदीचं पाणी वाळूतून गाळून, औषध घालून निघालं की पहिला घोट माझा. उरलेलं गावाला. ते रस्त्याखालून, बाजाराखालून जातं आणि शेवटी खालच्या गल्लीत पोचतं, तिथे पाइप उघड्या गटारातून आडवा गेला आहे. पाणी रोज थोडा वेळच सोडतात. ते बंद झालं की पाइप रिकामा होतो, आणि रिकाम्या पाइपाला तहान लागते. मग तो सांध्यांच्या फटींतून बाहेर जे असेल ते ओढून घेतो. बाहेर काय असतं ते मी सांगितलंच आहे. केंद्राच्या साहेबांना हे ठाऊक होतं. पंपवाल्याला ठाऊक होतं. पाइपाचा तेवढा तुकडा बदलायचा असं मला बसवलं त्याच वर्षी ठरलं होतं. अजूनही ते ठरलेलंच आहे.

आता माझा भाग्योदय कसा झाला ते ऐका.

केंद्रात एक नमुनेवाला होता. गावाच्या निरनिराळ्या भागांतल्या नळांचं पाणी निर्जंतुक बाटल्यांत भरून मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत पाठवायचं, हे त्याचं काम. म्हणून सगळे त्याला बाटलीभाऊ म्हणत. नवा होता तेव्हा सायकलवरून गावभर हिंडला, अगदी खालच्या गल्लीपर्यंत. गल्लीची बाटली नापास झाली. नमुना नापास झाला की वरून विचारणा होते, पुन्हा नमुने मागतात, कुणीतरी खणायला लागा म्हणतं. साहेबांनी त्याला माझ्यासमोरच उभं केलं.

"तुम्हाला पाणी आणायला सांगितलं होतं. तुम्ही माझ्या डोक्याला ताप आणलात."

"साहेब, नळाला जे आलं तेच भरलं."

"तो नळच खराब असेल. चांगल्या नळाचं आणत जा."

"चांगला नळ कुठला, साहेब?"

साहेबांच्या हातात चहाचा कप होता. त्यांनी कपासकट हात माझ्याकडे केला.

तेव्हापासून सगळ्या गावाचं पाणी मी देऊ लागलो. बाटलीभाऊ माझ्या कट्ट्यावर बाटल्या ओळीने मांडायचा. स्पिरिटचा बोळा पेटवून माझं तोंड भाजायचा; नळाच्या तोंडाचे जंतू नमुन्यात उतरू नयेत म्हणून तसं करायचं असतं. या कामात त्याने कधी कुचराई केली नाही. मग थोडं पाणी वाहू देऊन एकेक बाटली भरायची, झाकण घट्ट लावायचं, वर चिठ्ठी चिकटवायची. बाजार. शाळा. दवाखाना. खालची गल्ली. चिठ्ठी तिरकी लागली तर तो ती सोडवून सरळ लावायचा. माणूस भारी काटेकोर.

पंपवाला पंपघराच्या दारातून ओरडायचा, "काय भाऊ, गावभर हिंडून दमला असाल! पाय चेपू का?"

"तुझं तोंड चेप," बाटलीभाऊ म्हणायचा आणि पुढची बाटली लावायचा.

गावाचा एकही नमुना नापास होईना. मग कौतुक सुरू झालं. माझ्या कट्ट्याला फरशी बसली, डोक्यावर पत्र्याचं छप्पर आलं. स्वच्छ पाण्याचं बक्षीस द्यायला वरून मोठे पाहुणे आले. त्यांनी फोटोसाठी माझं पाणी पेल्यात घेतलं, साहेबांच्या कानाशी लागून "बाटलीबंद नाहीये का?" असं विचारलं, आणि नाइलाज झाला तेव्हा दोन घोट प्याले. त्यांना काहीसुद्धा झालं नाही. मी तसा नळच नाही.

आता गंमत अशी की बाटलीभाऊ स्वतः खालच्या गल्लीत राहायचा. पहिली काही वर्षं त्याच्या घरी पाणी उकळूनच पीत. पण दर महिन्याला कागद यायचा: खालची गल्ली, पिण्यास योग्य. माणूस तरी किती दिवस तग धरणार? एकदा त्याने पंपवाल्याला सांगितलं, "आम्ही आता उकळायचं बंद केलं. गॅस फुकट जातो."

"का?"

"कागद बघ ना. आमच्या गल्लीचं पाणी सुधारलंय."

पंपवाल्याने त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. "भाऊ, बाटली कुठे भरता तुम्ही?"

"ते झालं रे. पण तपासणारी माणसं एवढी शिकलेली. ती उगाच लिहितील का?"

पंपवाला हजरजबाबी माणूस. त्या दिवशी मात्र तो पंपाला तेल घालायला आत निघून गेला.

बाटलीभाऊला एक मुलगी होती, तिला घरात धाकटी म्हणत; थोरली लहानपणीच गेली होती. धाकटीचा नवरा ट्रक चालवायचा आणि महिनामहिना बाहेर असायचा, म्हणून ती आईबापांकडेच राहायची. शिंप्याच्या दुकानात काजंबटणं करायची. तिला सातवा महिना होता. कामावरून घरी जाताना ती वडिलांबरोबर जायला आवारात थांबायची. माझ्या कट्ट्यावर बसायची, ओढणीने वारा घ्यायची आणि पंपवाल्याशी हुज्जत घालायची.

एकदा ती म्हणाली, "बाबा, आपल्या नळाला वास मारतोय."

"गटाराशेजारी घर आहे. वास हवेचा असतो."

"पेल्यात नाक घातलं की येतो. हवा काय पेल्यात बसलीय?"

"तुला या दिवसांत सगळ्यालाच वास येणार. परवा माझ्या सदऱ्याला येत होता."

"तो तर खराच येत होता." ती हसली आणि पिशवीतून रिकामी बाटली काढली. "ते जाऊ दे. इथलं भरून नेते. रोज एवढीच. मला पुरे."

तिने माझी चावी फिरवली. चार थेंब बाटलीत पडले असतील नसतील, बाटलीभाऊने हात पुढे करून मला बंद केलं.

"हे ऑफिसचं पाणी आहे."

"अहो बाबा, साहेबांचा ड्रायव्हर काल माझ्यासमोर चार कॅन भरून घेऊन गेला!"

"ते साहेब आहेत. आपण असलं काही करत नाही. आणि गल्लीत बघतील ना, तर म्हणतील, पाणी तपासणाराच घरचं पाणी पीत नाही. माझी काय अब्रू राहील?"

"तुमची राहील हो. माझं बघा ना जरा."

"आपल्या नळाचं पाणी पास आहे," तो म्हणाला. मित्रांनो, तो खोटं बोलत नव्हता. खोटं बोलणाऱ्याची जीभ कुठेतरी अडखळते. सरकारी नळाचं बाटलीभर पाणी फुकट न्यायला ज्याचं मन धजावलं नाही, असा सरळ माणूस तो.

धाकटीने बाटली पिशवीत टाकली. "तुम्ही म्हणता तर पास," ती म्हणाली. मग उठताना त्याला हात द्यायला लावला.

पुढे ती आवारात यायची थांबली. आधी अन्नावरची वासना गेली, मग डोळे पिवळे झाले. कावीळ. गल्लीत आणखी घरांमध्येही होती. बाकीची माणसं पडून राहून, पथ्य करून उठत होती. पोटुशीला मात्र हीच कावीळ जिवावर बेतू शकते, असं डॉक्टरांनी सांगितलं. हे पंपवाल्याला सांगताना बाटलीभाऊ माझा कट्टा पुसत होता. एकाच जागी पुसत होता.

"शुद्धीत आहे का?" पंपवाल्याने विचारलं.

"सकाळी मला ओळखलं नाही. आईला ओळखलं."

त्याच दिवशी वरून हुकूम आला: खालच्या गल्लीच्या पाण्याचा नमुना आजच्या आज पाठवा. बाटलीभाऊने सायकल काढली आणि कितीतरी वर्षांनी गल्लीत जाऊन नमुना घेतला. स्वतःच्या स्वयंपाकघरातल्या नळाचा. परत आला तेव्हा बाटली छातीशी धरलेली होती. साहेब आवारातच होते. त्यांनी ती उजेडात धरली. पाणी दिसायला अगदी नितळ होतं. वाईट पाणी डोळ्यांना दिसतंच असं नाही, मित्रांनो; हे ध्यानात ठेवा, परीक्षेत विचारतात.

"कुठली?"

"माझ्या घरची, साहेब."

"ही नापास होणार."

"हो साहेब. मग पाइप खणतील."

"पाइप नंतर खणतील हो. आधी विचारतील, मागच्या महिन्यात पास होती ती कशी? त्याच्या मागच्या महिन्यात? काय सांगाल?"

साहेबांनी बाटली त्याच्या हातात परत ठेवली.

"माझं सोडा, माझी बदली होईल. तुमचं काय होईल?"

"पोरगी दवाखान्यात आहे, साहेब."

"म्हणूनच म्हणतोय ना, भाऊ." साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. आवाज अगदी मऊ होता. "तिच्या औषधाला तुमची नोकरी हवी. ही बाटली पाठवून ती बरी होणार असेल तर मी स्वतः गाडीने नेऊन देतो. होणार आहे का बरी?"

बाटलीभाऊने मान हलवली. खरंच होणार नव्हती. साहेब सुशिक्षित, त्यांचं बोलणं मुद्द्याला धरून असतं. गल्लीत अजून कितीतरी माणसं तेच पाणी पीत होती. पण त्यांचा विषय कुणी काढला नव्हता.

त्याने बाटली माझ्या कट्ट्यावर पालथी केली. घरचं पाणी फरशीवरून वाहत मोरीत गेलं. मग नवी निर्जंतुक बाटली काढली. बोळा पेटवायला गेला तर काड्या विझायला लागल्या. वारा नव्हता. शेवटी पंपवाल्याने पंपघरातून येऊन काडी धरून दिली आणि परत गेला. माझं तोंड नीट भाजलं. पाणी वाहू दिलं. बाटली भरली. चिठ्ठीवर त्याने स्वतःच्या घराचा पत्ता सुवाच्य अक्षरांत लिहिला आणि ती सरळ चिकटवली.

निकाल आला: पिण्यास योग्य. तोवर धाकटी गेली होती. तिच्या पोटातलंही गेलं होतं. पाण्यात दोष नाही म्हटल्यावर दोष कुठे आहे ते शोधणं भाग होतं, म्हणून कागदावर आलं: बाहेरचं उघड्यावरचं खाल्ल्यामुळे. बाटलीभाऊची बायको गल्लीत सगळ्यांना तेच सांगू लागली. "आमच्या ह्यांनी स्वतः तपासलंय पाणी. तिलाच खाण्याचा धरबंध नव्हता. किती वेळा सांगितलं होतं मी." असं म्हणताना ती रडायची, म्हणून लोकांना पटायचं.

बाटलीभाऊ आता रोज संध्याकाळी माझ्याखाली एक डबा भरायचा आणि गोणपाटाखाली झाकून घरी न्यायचा. बायकोला काय सांगायचा देव जाणे. पण गोणपाट ओलं होतंच. बघता बघता गल्लीतल्या बायका घागरी आणि कळश्या घेऊन आवारात यायला लागल्या. त्याने कुणाला अडवलं नाही. मला सोडायचा आणि भांडी भरून द्यायचा. ते दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात धावपळीचे.

साहेबांनी हे पाहिलं. "ही गर्दी कसली? आपलं पाणी पास आहे. लोक इथून पाणी नेताहेत याचा अर्थ काय निघतो? कागदाशी जुळतं का ते?"

ते जुळत नव्हतंच. म्हणून पाइपाच्या दुरुस्तीसाठी पडून असलेल्या पैशांतून माझ्याभोवती लोखंडी पिंजरा बांधला. रंग दिला, कुलूप लावलं. एक किल्ली साहेबांच्या ड्रायव्हरकडे, एक बाटलीभाऊकडे, फक्त नमुन्यासाठी.

कुलूप लागलं त्या दिवशी गल्लीतली एक पोर कळशी घेऊन आली. धाकटीच्या शेजारच्या घरातली, तिची मैत्रीण. हिलाही दिवस गेले होते. पोट नुकतंच दिसायला लागलेलं.

"काका, बंद केलं का?"

"हो."

"सगळ्यांनाच?"

"सगळ्यांनाच."

ती गजांना धरून उभी राहिली. "मला फक्त एक सांगा. आपल्या गल्लीचं पाणी बरंय ना? काकू म्हणाल्या, ती बाहेरचं खायची म्हणून. मी तर बाहेरच्या कशाला शिवतही नाही. पण तुम्ही सांगितलं की मला बरं वाटेल. तुम्हीच तपासता ना."

किल्ली बाटलीभाऊच्या मुठीत होती. साहेब खिडकीत होते. पंपघराच्या दारात पंपवाला होता. मी पिंजऱ्यात होतो आणि माझ्या तोंडाशी एक थेंब धरलेला होता.

"पास आहे, बाळा," बाटलीभाऊ म्हणाला.

तिचा चेहरा एकदम उजळला. "हुश्श," ती म्हणाली. ऊन फार होतं. तिने काखेतल्या पिशवीतून घरून भरून आणलेली बाटली काढली, तिथेच माझ्यासमोर मान मागे टाकून घटाघट प्यायली, तोंड पुसलं आणि रिकामी कळशी कमरेवर घेऊन निघून गेली.

तर मित्रांनो, वस्तूंची निगा कशी राखावी हे आमच्या गावाकडून शिका. माझ्या डोक्यावर छप्पर आहे, पायाशी फरशी आहे, चहूबाजूंनी गज आहेत. मला रोज पुसतात. माझा वायसर कुरकुरायच्या आधीच बदलतात. इतकी वर्षं झाली, पण माझ्यातून एक थेंब वाया गळू दिलेला नाही की माझ्या पितळेवर डाग पडू दिलेला नाही. तुमच्या गावातही माझ्यासारखा एखादा नळ असेलच. त्याला जपा. त्याच्याच जिवावर तुम्ही सगळे धडधाकट आहात, निदान कागदावर तरी.