दुखत नाही ना, मग राहू दे!

ज्याने डोळे दिले आणि पाहण्याची बुद्धीही दिली, त्या जगन्नियंत्याला प्रथम नमन.

श्रोतेहो, मी दत्ताअण्णांच्या डाव्या डोळ्याखालची पुळी बोलतेय. माझा जन्म कानडी मुलखातल्या एचएसआर लेआउट नावाच्या वस्तीत, तिसऱ्या मजल्यावर, गेल्या माघात झाला. मोहरीएवढी होते, मोत्यासारखी तुकतुकीत. अण्णांनी आरशात पाहिले, बोटाने दाबले आणि निकाल दिला, "दुखत नाही." झाले, मला अभय मिळाले! दाढ दुखली तेव्हा हेच गृहस्थ दवाखाना उघडण्याआधी पायरीवर जाऊन बसले होते. कळ आल्याशिवाय माणसाला ना देव आठवतो, ना वैद्य.

प्रथम मी रांजणवाडी ठरले. सहाणेवर लवंग उगाळून लेप लागले. रांजणवाडी ठणकते, पिकते आणि जाते. मी ना ठणकले ना पिकले, निवांत वाढले. मग अण्णांनी मला अध्यात्मात घेतले. "प्रारब्धाचा भोग बिनदुखीचा फिटतो आहे. केवढी कृपा!"

अण्णा दर एकादशीला संगणकासमोर बसून निरूपण करतात. पुण्या-नागपूरहून इकडे नोकरीला आलेली शंभरेक कुटुंबे घरबसल्या ऐकतात. चेहरा उजळ दिसावा म्हणून सूनबाई मुग्धाने कॅमेऱ्यात कसलीशी सोय करून ठेवली आहे. त्या सोयीत सुरकुत्या जातात, डाग जातात आणि मीही जाते. श्रोते लिहितात, "अण्णा, काय तेज आहे!" अण्णा ते तेज डोळे मिटून ईश्वरचरणी अर्पण करतात.

वैशाखात विषय होता देहाची नश्वरता. "देह ही भाड्याची खोली, भिंतीच्या पोपड्यांची चिंता कशाला?" ऐकणारे सद्गदित झाले. निरूपण संपताच अण्णांना डास चावला आणि मलमाच्या नळीसाठी सारे घर उलथेपालथे झाले.

वैराग्य वगैरे काही नव्हते. डॉक्टरने भलताच शब्द उच्चारला तर, या धास्तीला अण्णांनी भगवी छाटी नेसवली होती, एवढेच.

मला खरोखर पाहिले ते भागुबाईने. ती चिकोडीकडची, स्वयंपाकाला येते. श्रावणातल्या एका सकाळी अण्णांनी पंच्याने तोंड पुसले आणि पंच्यावर रक्ताचा ठिपका उमटला.

"हे काय ओ अण्णा? परवा बी रगात आलतं."

"दुखत नाही गं."

"म्हणूनच भ्या वाटतंय. आमच्या अक्काच्या नाकावर असंच हुतं. दुखत न्हाई, दुखत न्हाई करत बसली, अर्धं नाक कापावं लागलं."

"देवाची इच्छा, भागुबाई."

"देवाला कशाला मधी घालताय? त्यानं कोपऱ्यावर डॉक्टर ठेवलाय, तुमी स्वल्प खाली उतरा की! डोळा गेला तर पोथी कोण वाचणार, मी?"

मुग्धा हसली. हसता हसता तिने सासऱ्यांच्या चेहऱ्याकडे पाहिले, पडद्यावरच्या नव्हे, समोरच्या. आणि तिचे हसू थांबले.

कोपऱ्यावरच्या डॉक्टरीणबाईंनी मला भिंगातून न्याहाळले. "कर्करोगाची गाठ वाटते. सावकाश वाढते, सहसा दूर पसरत नाही. पण पापणीच्या कडेला भिडली आहे. आणखी थांबलात, तर डोळ्यावर बेतेल."

चाळीस वर्षे देहाला मिथ्या म्हणणाऱ्या अण्णांनी विचारले, "उद्याच काढता येईल का हो?"

आज मी प्रयोगशाळेतल्या एका बाटलीत आहे. वर अण्णांच्या नावाची चिठ्ठी. तपासणीत डॉक्टरीणबाईंचा संशय खरा ठरला. पण कापलेल्या भागाच्या कडा स्वच्छ निघाल्या, डोळा वाचला. मी दुष्ट होते, मान्य. पण चोरून आले नव्हते. ऐन चेहऱ्यावर, सहा महिने, उजेडात बसले होते!

आता निरोप घेते. ऐकणाऱ्या प्रत्येकाची दृष्टी अखेरच्या ओवीपर्यंत शाबूत राहो. घरोघरी माणसे दिवसातून एकदा तरी एकमेकांची मुखे निरखोत. आणि ज्या घरात तेवढी सवड कोणालाच नसेल, तिथे देव एखादी भागुबाई धाडो. सर्वांचे कल्याण असो.