आत्याच्या हाताखाली

विद्या माणसाला निर्भय करते. हे वाक्य गावातल्या विद्यापीठाच्या दारावर कोरलेलं आहे, आणि त्या दारातून आत जायच्या कल्पनेनेच ठकीला घाम फुटतो, कारण आत गणित शिकवायला तिची आत्या आहे. आत्याने सख्ख्या धाकट्या भावाला, म्हणजे ठकीच्या बाबांना, अर्ध्या गुणासाठी नापास केलं होतं आणि त्याच संध्याकाळी त्यांच्याशेजारी जेवायला बसून दोनदा वाढून घेतलं होतं.

ठकीला गणितच शिकायचं होतं. दूरच्या विद्यापीठातही प्रवेश मिळत होता. पण आत्याला सांगणार कोण?

"मी नाही बुवा," बाबा म्हणाले. "माझी अजून फेरतपासणी चालू आहे."

रविवारी आत्या आली. बाबा टाकीतलं पाणी बघायला गच्चीवर गेले.

"काय ठकूबाई, कुठं ठरलं?"

ठकीने खुर्चीची पाठ घट्ट धरली. "आत्या, मी... तिकडे जाते. तिकडचा विभाग चांगला आहे म्हणतात."

आत्याने चष्मा काढून सावकाश पुसला. स्वयंपाकघरात आईने श्वास रोखला.

"शहाणी आहेस," आत्या म्हणाली. "आत्ताच पक्कं करून टाक."

ठकीने तिच्यासमोरच प्रवेश पक्का केला.

पुढच्या महिन्यापासून आत्या तिकडे विभागप्रमुख आहे.